सहाव्या कळीची शिवण

१

पिशवीचं तोंड उघडलं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. आत्यांनी आत हात घालायच्या आधीच स्टोअरकाका म्हणाले, "हे ते नव्हे."

"अहो, बाहेर तरी काढू द्या."

"काढा की. पण चिखलाचा वास कुठे गेला? सोमवारी मी हीच पिशवी नाक दाबून कपाटात ठेवली होती."

आत्यांनी पॅराशूट काढून घडीखोलीच्या लांब टेबलावर पसरलं. परकराला असतात तशा निमुळत्या, नारिंगी आणि पांढऱ्या कळ्या एकाआड एक, माप बरोबर, अंगावर मातकट डागही होते. सहाव्या कळीची शिवण चांगली हातभर उसवलेली होती. आत्यांनी कापड नाकाशी नेलं. कोऱ्या नायलॉनचा वास आला, आणि जरासा चहाचा.

काकांनी मागच्या फळीकडे पाहिलं. त्याच मापाचं सरावाचं पॅराशूट तिथे असायला हवं होतं. फळी रिकामी होती.

झालं होतं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी या संस्थेचं एक लहान रॉकेट वरच्या हवेची मोजमापं घेऊन आलं. म्हणजे रॉकेट गेलं तसं ठरल्याप्रमाणे, पण मोजमापांची पेटी ज्या पॅराशूटला लटकून अलगद उतरायची ते वरच फाटलं आणि पेटी तळ्यात आदळून फुटली. पाणबुड्यांनी चिखलाने भरलेला कापडाचा गोळा बाहेर काढला. ओलं कापड कुजतं म्हणून शिवणखोलीच्या मास्तरांनी एकट्याने ते वाळवून पिशवीत भरलं. चौकशी होईपर्यंत बाकी कुणी त्याला हात लावायचा नाही, असा हुकूम होता. आज चार वाजता समिती ते बघायला येणार होती, आणि ते टेबलावर मांडून ठेवण्यासाठी निवृत्त तपासनीस आत्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

निकाल काय लागेल यावर बरंच अवलंबून होतं. शिवण उसवून अपघात झाला असं ठरलं, तर शिवणखोलीला टाळं लावून तयार पॅराशूट बाहेरून घ्यायची, असं वरच्या मजल्यावर बोललं जात होतं. शिवणखोली म्हणजे मास्तर आणि चार शिवणकामवाल्या बायका. मास्तर म्हणजे आत्यांचा सख्खा धाकटा भाऊ. आणि पॅराशूटचा आराखडा करणारी, गळ्यात कायम टेप लटकवून फिरणारी, सगळे जिला मोजपट्टी म्हणत ती इंजिनिअर म्हणजे मास्तरांची एकुलती एक मुलगी. तिच्यामुळेच अख्खी संस्था आत्यांना आत्या म्हणायला लागली होती.

"मी घरचीच माणूस, मला कशाला बोलावता?" असं आत्यांनी संचालकांना विचारून पाहिलं होतं. ते म्हणाले होते, "तुमच्या घरचे तुम्हालाच घाबरतात, म्हणून."

"काका," आत्या म्हणाल्या, "चार वाजेपर्यंत तोंडाला कुलूप. नाही सापडलं तर मीच समितीला सांगेन. पुरावाच नाही म्हटल्यावर बिल कुणाच्या नावावर फाटेल ते कळतंय ना?"

"मास्तरांच्या," काका म्हणाले. "म्हणजे ज्याने हे केलं त्याला मास्तरांनाच बुडवायचं आहे."

२

कपाटाची किल्ली सोमवारपासून फक्त काल बाहेर गेली होती, तीनदा. काकांची वही चोख होती. टिकटिक आला बॅटऱ्यांसाठी, मोजपट्टी आली जुन्या नकाशांसाठी, मास्तर आले मशीनच्या तेलासाठी. तिघांच्याही हातात मोठ्या थैल्या होत्या. इथे थैलीशिवाय कुणी हिंडतच नाही.

"कुणाची थैली जाताना फुगलेली होती?"

"आत्या, मी खिडकीशी बसतो. पाठीला डोळे असते तर स्टोअरमध्ये कशाला राहिलो असतो?"

टिकटिक म्हणजे पॅराशूट कुठल्या सेकंदाला सोडायचं ते ठरवणाऱ्या घड्याळाचा कारागीर. तो टेबलावर डोकं टेकून बसला होता. आत्यांना पाहून उठला आणि त्याने खुर्ची पुसून दिली.

"तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "माझं घड्याळ आधी वाजलं असतं तर पॅराशूट भलत्या वेगात उघडलं असतं आणि चिंध्या झाल्या असत्या. शिवण उसवलेली निघाली की मी सुटलो."

"मग खूश का दिसत नाहीस?"

"कसला खूश? माझ्या मुलीचं पहिलं झबलं मास्तरांनी शिवलंय." त्याने कागदाची पट्टी पुढे सरकवली. "हे बघा. घड्याळ ठरल्या सेकंदाला वाजलं. ही पट्टी समितीकडे आधीच गेलीय. मी मुळात अडकलेलोच नाही, तर सुटायची धडपड कशाला करू?"

आत्यांनी पट्टी दोनदा वाचली. घड्याळ बरोबर होतं. त्या उठल्या तेव्हा टिकटिक हळूच म्हणाला, "आत्या, घड्याळ बरोबर, रॉकेट बरोबर. मग राहिलं काय? शिवण, नाहीतर आराखडा. बाप, नाहीतर लेक."

३

लेक तिच्या खोलीत कागदांच्या ढिगात बसली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. आत्यांनी आधी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि ती पिईपर्यंत काही विचारलं नाही.

"काल कपाटातून काय नेलंस?"

"जुने नकाशे. मागच्या चारही उड्डाणांचे." तिने गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली. "माझंच कुठे चुकलंय का ते बघत होते. सापडत नाहीये, आत्या. कापड तेच, कळ्या त्याच, दोऱ्या त्याच. या वेळी रॉकेटचं नाक चार बोटांनी आखूड केलं, म्हणून घडी तेवढी बदलली. आधी कापड खाली असायचं आणि दोऱ्या वर. आता दोऱ्या तळाशी आणि कापड वर. तेव्हा कुठे बसलं एकदाचं."

"वडिलांना विचारलं होतंस?"

"नाही." तिचा चेहरा लाल झाला. "इथे आले तेव्हा सगळे म्हणायचे, बापाच्या जिवावर आली. मी बाबाला बजावूनच ठेवलंय, माझ्या आराखड्यात बोलायचं नाही. त्याने शब्द पाळला. कधी काही बोलला नाही." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "शिवण गेली असेल तर त्याचं काय होईल गं? तो मशीनशिवाय जगेल?"

आत्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि त्या निघाल्या. पोर खरं बोलत होती असं त्यांना वाटत होतं. पण आत्याला वाटणं हा काही पुरावा नव्हे, हेही त्यांना ठाऊक होतं.

शिवणखोलीच्या दारातच त्यांना करपल्याचा वास आला. इस्त्री कापडावर तशीच राहिली होती. त्यांनी धावत जाऊन ती उचलली.

"अरे, खोली पेटवशील! वास येत नाही का तुला?"

"मला कुठला वास, ताई?" मास्तर मशीनवरून मान न उचलता म्हणाले. "सर्दीने नाक गेलं त्याला दहा वर्षं झाली. घरी दूध उतू गेलं तरी पोरगी ओरडेपर्यंत कळत नाही."

आज त्यांची मान मशीनवर फारच वाकली होती. गुडघे टेबलाच्या फळीला टेकत होते. म्हातारा झाला माझा भाऊ, असं वाटून आत्यांना गलबलून आलं.

"सहाव्या कळीची शिवण उसवलेली दिसतेय," त्या म्हणाल्या.

मास्तरांचा पाय मशीनवर थांबला. "असेल. माणसाचा हात आहे. चुकायचाच."

आत्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. या माणसाला त्या साठ वर्षं ओळखत होत्या. लहानपणी त्याने शिवलेल्या पिशवीला कुणी नाव ठेवलं तर तो दोन दिवस जेवायचा नाही. आपली शिवण चुकली असं त्याच्या तोंडून त्यांनी आज पहिल्यांदाच ऐकलं.

४

घडीखोलीच्या दाराशी भिंतीवर एक तार आहे आणि तारेत लाकडी मणी आहेत. वीस वर्षांपूर्वी एका बांधलेल्या पॅराशूटमध्ये कात्री राहून गेली होती, तेव्हापासून आत्यांनी रीत घालून दिली. कुठल्याही पिशवीचं तोंड बंद केलं की हत्यारं मोजायची, सगळी सात खुंट्यांवर लागली की एक मणी डावीकडून उजवीकडे सारायचा आणि वहीत सही करायची. न मोजता पिशवी बंद केली तर घडी घालणाऱ्याला घास गिळवत नाही, इतकी ती सवय अंगात मुरलेली.

दुपारी एक वाजता आत्या डबा उघडून त्या तारेसमोर बसल्या. दोन घास खाल्ले आणि तिसरा हातातच राहिला. दर एक तारखेला मणी परत डावीकडे जात, आणि या महिन्यात वहीत अकरा सह्या होत्या. उजवीकडे मणी होते बारा.

त्यांनी पुन्हा मोजले. बाराच.

चोराने पिशवी उघडली, खरं पॅराशूट काढलं, खोटं भरलं, तोंड बांधलं, आणि मग हत्यारं मोजून मणी सारला! सही करायची नाही एवढं भान त्याला राहिलं, पण हात आपल्या सवयीने तारेकडे गेलाच. आत्यांना हसू आलं, आणि पुढच्याच क्षणी ते मावळलं.

स्टोअरकाकांना मण्यांचं काही माहीत नव्हतं. टिकटिकने जन्मात पिशवी बांधली नव्हती. या इमारतीत मणी सारायची सवय तिघांनाच होती. एक त्या स्वतः, आणि त्या काल इथे नव्हत्या. उरले दोघे. दोघेही त्यांच्या रक्ताचे.

५

शिवणीवर आळ आला की वाचणार होती मोजपट्टी. सरळ हिशेब तिच्याकडे बोट दाखवत होता. आत्यांनी दार लावून घेतलं, खिशातलं भिंग काढलं आणि सहावी कळी उजेडात धरली. अडीच वाजत आले होते.

आकाशात ताणाने शिवण गेली असती तर दोऱ्याची टोकं पिंजलेली असती आणि सुईची भोकं ओढून लांबट झाली असती. इथे भोकं गोल होती. दोरा एका बाजूने दर तिसऱ्या टाक्याला कापून दुसऱ्या बाजूने अख्खा ओढून काढला होता. कापडाला साधा ओरखडासुद्धा नव्हता. घाईत असलेल्या इंजिनिअरने ब्लेड फिरवलं असतं. इथे कुणीतरी कापडावर माया केली होती.

मग त्या उसवलेल्या भागाच्या टोकाशी आल्या आणि त्यांनी भिंग आणखी जवळ नेलं.

टोकाला टाका मारून ठेवला होता. मागेपुढे तीनदा टीप घालून, दोरा कापून, शिवण पुढे उसवू नये म्हणून नीट बंद केली होती. आपण होऊन उसवलेली शिवण आपलंच टोक बंद करत नाही. आणि मोजपट्टीला तर मशीनवर धड सरळ टीपही घालता येत नव्हती. कितीही महत्त्वाचं लबाडीचं काम हातात असलं तरी ज्याला दोरा सुटा सोडवत नाही असा माणूस आत्यांच्या ओळखीत एकच होता.

मग बाकीचं आपोआप जुळलं. खोट्या डागांसाठी चहा वापरला, पण चिखलाचा वास आणायचा राहून गेला, कारण करणाऱ्याला वासच येत नव्हता. खरं पॅराशूट कसं फाटलंय ते वाळवताना एकट्या त्याने पाहिलं होतं. ज्याला बुडवायचा डाव दिसत होता, त्यानेच तो मांडला होता.

आणि पॅराशूट कुठे होतं? कापड जाळणं किंवा फेकणं त्याच्या हातून होणार नव्हतं. आत्यांना ती वाकलेली मान आठवली, फळीला टेकलेले गुडघे आठवले. माणूस म्हातारा होऊन बुटका होतो, उंच होत नाही.

६

त्यांनी शिवणखोलीतल्या चारही बायकांना चहाला पाठवलं.

"उठ," त्या भावाला म्हणाल्या.

"ताई, काम आहे."

"उठ म्हणते ना!"

मास्तर उठले. आत्यांनी स्टुलावरची उशी उचलली. खोळ नवी होती, शिवण सुबक. सोडली तसा चिखलाचा वास खोलीभर पसरला. एकट्या मास्तरांना तो आला नाही, पण बहिणीचा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं.

"ताई, राहू दे," ते म्हणाले. "माझं नोकरीचं एक वर्ष उरलंय. शिवण चुकली म्हणतील, म्हणू देत. तिला अजून तीस वर्षं काढायचीत. पहिल्याच मोठ्या आराखड्याला डाग लागला तर बाहेर काढतील तिला."

"आणि या चार जणी? त्यांना काय सांगणार होतास?"

मास्तरांनी सुटलेली खोळ उचलून तिची घडी घातली.

आत्यांनी खरी सहावी कळी पसरली. कापडावरून तिरपे, चकचकीत, कडक झालेले पट्टे गेले होते. दोऱ्या घासून नायलॉन वितळलं होतं आणि तिथून ते फाटत गेलं होतं. बाजूच्या शिवणी एकूणएक शाबूत होत्या.

"कापड आधी बाहेर आलं," मास्तर पुटपुटले. "दोऱ्या मागून. ताणलेल्या नव्हत्या, म्हणून फुगणाऱ्या कापडावरून घासत गेल्या. घडी घालतानाच मला खटकलं होतं, ताई. दोऱ्या तळाशी बघून हात थांबला होता माझा. पण तिने बजावलं होतं ना, बोलायचं नाही म्हणून. मी नाही बोललो. मग चूक माझी नाही तर कुणाची?"

"माझी," दारातून आवाज आला.

मोजपट्टी कधी येऊन उभी राहिली ते कुणालाच कळलं नव्हतं. ती पुढे आली, गुडघ्यांवर बसली आणि चकचकीत पट्ट्यांवरून बोट फिरवत गेली. तिला एक मिनिटही लागलं नाही.

"दोऱ्या वर असायला हव्या होत्या," ती म्हणाली. "नाक चार बोटं आखूड केलं, तर मी पिशवी रुंद करायची होती. घडी उलटी करायची नव्हती." मग तिचं बोट शिवणीपाशी थांबलं. "बाबा, हे बघितलंस? इथवर फाटत आलं आणि तुझ्या शिवणीपाशी अडलं. दोन्ही बाजूंना. ही शिवण नसती तर पेटीचा भुगा झाला असता."

"ते मला माहीत आहे," मास्तर जरा तोऱ्यातच म्हणाले. आणि मग त्यांना रडू कोसळलं.

लेकीने कापड गोळा करून छातीशी धरलं. वाळलेला चिखल तिच्या पांढऱ्या सदऱ्याला लागला.

"कुठे निघालीस?" बापाने विचारलं.

"चार वाजत आलेत."

"पोरी, अजून वेळ गेलेली नाही. ते दुसरं टेबलावर आहेच."

"त्याच्या टोकाला टाका मारलाय तू," आत्या म्हणाल्या. "आंधळ्यालासुद्धा कळेल."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "मारला होय मी?"

७

समितीपुढे मोजपट्टी वीस मिनिटं बोलली. शिवणीबद्दल पाच आणि स्वतःच्या चुकीबद्दल पंधरा. आत्यांनी मण्यांचं आणि टाक्याचंही सांगून टाकलं. भावाचं नाव घेणं जड होतं, पण नाव त्यांनी घेतलं. अध्यक्षबाईंनी दोन्ही कळ्यांवरून भिंग फिरवलं आणि बंद केलेल्या टोकाशी आल्यावर त्या बराच वेळ खोकत राहिल्या. हसू लपवायचं असलं की माणसं तशी खोकतात.

शिवणखोली राहिली. मास्तरांना ताकीद मिळाली आणि महिनाभर घडीखोलीत पाऊल ठेवायची बंदी. मोजपट्टीचं काम राहिलं, पण पुढच्या उड्डाणाला आराखड्यावर तिच्या एकटीची सही चालणार नव्हती. घडीच्या कागदावर तळाशी एक नवी ओळ आली, तीही तिनेच सुचवलेली: घडी घालताना हाताला काही खटकलं का?

दोन महिन्यांनी, पिशवी रुंद केल्यावर, मास्तरांनी त्या ओळीखाली दीड पान लिहिलं. दोऱ्यांचं एक, कापडाचं एक, आणि खोलीतल्या दिव्याचंही एक. लेकीने दोन गोष्टी बदलल्या, एकीवर बापाशी तासभर भांडली आणि मग तीही बदलली.

उड्डाणाच्या सकाळी तिघंही मैदानाच्या कडेला उभी होती. आधी नुसतं आभाळ होतं. मग एक ठिपका दिसला. ठिपक्याचं फूल झालं, नारिंगी-पांढरं, गच्च फुललेलं, आणि पेटी झुलत झुलत गवतावर टेकली. त्यांच्या मागे उभा टिकटिक रडला, तसा तो स्वतःच्या लग्नातही रडला होता. मास्तरांनी लेकीचा हात धरला होता तो कितीतरी वेळ सोडलाच नाही.

त्या दुपारी शिवणखोलीत आत्या गेल्या तेव्हा मोजपट्टी मशीनवर बसली होती. समोर सरावाचं पॅराशूट होतं आणि ती सहाव्या कळीची शिवण परत घालत होती. ती वाकडी जात होती. मास्तर मागे हात बांधून उभे होते.

"उसव," ते म्हणाले.

तिने उसवलं. पुन्हा घातली.

"उसव."

"बाबा, तूच उसव ना," ती मान न वळवता म्हणाली. "उसवण्यात तुझा हात कोण धरणार?"

आत्या इतक्या हसल्या की त्यांना स्टूल धरावं लागलं. मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी लेकीला जरा बाजूला सरकवलं, तिच्या शेजारी स्टुलाच्या कडेवर बसले आणि तिच्या हातावर हात ठेवून सुई पहिल्या भोकात उतरवली.

"सावकाश," ते म्हणाले. "आणि टोकाला टाका मारायला विसरू नकोस."